सुनेचं नाव गावच्या यादीत

आज आपण मतदार ओळखपत्राबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, निवडणूक नाही, काही नाही, मग हा विषय आत्ता कशाला? तर तो आत्ताच बोलायचा विषय आहे. निवडणूक जाहीर झाली की तहसीलला गर्दी होते, आणि उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवं नाव घेताच येत नाही. जेवायला बसल्यावर पीठ मळून चालत नाही, तसंच आहे हे.

त्यातही मला बोलायचं आहे ते सुनांबद्दल. लग्न होऊन मुलगी सासरी येते. आठ-दहा वर्षं नांदते, पोरं शाळेत जातात, शेतात राबते, गटात बचत करते. आणि यादी काढून बघितली तर तिचं नाव अजून माहेरच्या गावात. तिकडं ती राहत नाही आणि इकडं ती कागदावर नाही.

यानं काय बिघडतं?

पहिली गोष्ट ग्रामसभेची. ग्रामसभेचा सदस्य कोण, तर गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो. आपल्या राज्यघटनेतच तसं सांगितलं आहे. म्हणजे ज्या सुनेचं नाव यादीत नाही, ती ग्रामसभेत जाऊन बसली तरी तिचा वर केलेला हात मोजता येत नाही. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची असते, तिथंही तेच. पाण्याची टाकी कुठं बांधायची, घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव घ्यायचं, या सगळ्यावर तिनं बोलावं असं आपल्याला वाटतं, पण कागद म्हणतो की ही बाई दुसऱ्या गावची.

दुसरी गोष्ट उभं राहण्याची. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. सदस्य म्हणून उभं राहायला वय २१ वर्षं पूर्ण लागतं आणि त्या ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव लागतं. गटात हिशोब चोख ठेवणारी, बँकेत जाऊन साहेबांशी नीट बोलणारी बाई आपल्याकडं असते, सगळे म्हणतात हिला उभी करा, आणि यादीत नावच नसतं. मग ती जागा कुणाच्या तरी घरातल्या, घराबाहेर न पडणाऱ्या बाईच्या नावानं भरली जाते आणि कारभार दुसरंच कुणी बघतं.

तिसरी गोष्ट नीट ऐका, कारण तिच्यात आकडे आहेत. दारूबंदीचा ठराव. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर गावातल्या महिला मतदारांपैकी २५ टक्के बायकांनी सह्या करून अर्ज द्यावा लागतो. मग गुप्त मतदान होतं. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे दुकान चालू. आणि बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. मतदानाला आलेल्या बायकांच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या.

समजा, तुमच्या गावच्या यादीत ४०० बायका आहेत. म्हणजे सह्या हव्यात १००, आणि मतं हवीत २०१. आता या ४०० मधल्या ६० जणी लग्न होऊन बाहेर गेलेल्या नाहीतर वारलेल्या आहेत. त्या मतदानाला येणार नाहीत, पण मोजणीत त्या आहेतच. गावात राहणाऱ्या ३४० बायकांमधूनच २०१ मतं काढायची. आणि ज्या ५० सुनांच्या घरात रोज रात्री भांडण होतं, त्यांची नावंच यादीत नाहीत. त्यांची सही चालत नाही, मत चालत नाही. हीच यादी दुरुस्त केली, ६० नावं कमी झाली आणि ५० सुना आल्या, तर यादी होते ३९० ची. सह्या हव्यात ९८, मतं हवीत १९६, आणि त्या ३९० च्या ३९० बायका गावातच राहणाऱ्या. म्हणजे दुकान बंद करण्याची लढाई मतदानाच्या दिवसाच्या कितीतरी आधी, यादीपासून सुरू होते.

बाईचं नाव यादीत नीट नसणं हे जुनं दुखणं आहे. १९५१-५२ साली देशात पहिली निवडणूक झाली, तेव्हा याद्या करायला माणसं घरोघर गेली. कित्येक बायकांनी आपलं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, असंच सांगितलं. त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की स्वतःचं नाव नसेल तर नोंद चालणार नाही, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. ते कठोर वाटेल, पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली, की मतदार यादीत बाई तिच्या स्वतःच्या नावानं येते. आज आपण नाव सांगायला लाजत नाही. आज आपलं नाव अडकतं ते माहेर आणि सासर यांच्या मधे.

कोणता फॉर्म भरायचा?

इथं सगळ्यात जास्त घोटाळा होतो, म्हणून सावकाश सांगते.

जिचं नाव आजवर कुठल्याच यादीत नव्हतं, तिनं ६ नंबरचा फॉर्म भरायचा. वय १८ वर्षं पूर्ण हवं. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे. आता वर्षात चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. यापैकी ज्या तारखेला १८ पूर्ण होतात त्या तारखेपासून नाव घेता येतं.

जिचं नाव माहेरच्या यादीत आहे, तिनं ६ नंबर भरायचा नाही. तिनं ८ नंबरचा फॉर्म भरायचा. २०२२ पासून एका मतदारसंघातून दुसऱ्या मतदारसंघात जायचं असलं तरी हाच फॉर्म चालतो. माहेर दुसऱ्या तालुक्यात असो की दुसऱ्या जिल्ह्यात. फॉर्ममध्ये जुन्या ओळखपत्राचा नंबर लिहायचा. तो कार्डावर फोटोजवळ छापलेला असतो, आधी अक्षरं आणि मग आकडे. नाव तिकडून निघतं आणि इकडं येतं.

का सांगते हे? कारण पुष्कळ जणी सोपं म्हणून ६ नंबर भरून टाकतात. मग दोन गावांत दोन नावं होतात. कायद्यानं एका माणसाचं नाव दोन ठिकाणी असता येत नाही. ६ नंबरच्या फॉर्मवर आपण सही करून लिहून देतो की माझं नाव दुसरीकडं कुठं नाही. ते खोटं निघालं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. घरातलं कुणी म्हणालं, राहू दे की माहेरचं नाव, तिकडं भावाला मत लागतं, तर हे लक्षात ठेवा. भाऊ निवडून येईल आणि सही मात्र तुमची असेल.

८ नंबरच्या फॉर्ममध्ये चार कामं दिलेली आहेत. पत्ता बदलणं, नोंदीतली चूक दुरुस्त करणं, हरवलेल्या किंवा खराब कार्डाच्या जागी नवं कार्ड घेणं, आणि अपंगत्वाची नोंद करणं. त्यातलं एका फॉर्मवर एकच काम करायचं. म्हणजे पत्ताही बदलायचा आणि आडनावही बदलायचं असेल तर आधी पत्त्याचा फॉर्म भरा, तो मंजूर झाला की दुरुस्तीचा भरा.

वारलेल्या माणसाचं किंवा गाव सोडून गेलेल्याचं नाव कमी करायला ७ नंबरचा फॉर्म असतो.

कागद कोणते लागतात?

६ नंबरसाठी तीन गोष्टी लागतात. पांढऱ्या पार्श्वभूमीचा पासपोर्ट आकाराचा फोटो, जन्मतारखेचा एक पुरावा आणि पत्त्याचा एक पुरावा.

जन्मतारखेसाठी जन्माचा दाखला, आधार कार्ड, पॅन कार्ड, गाडीचं लायसन्स, पासपोर्ट, किंवा जन्मतारीख असलेलं दहावी-बारावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र, यातलं कोणतंही एक चालतं. यातलं काहीच नसेल तर फॉर्मवर दुसऱ्या कागदासाठी जागा आहे, तिथं जो असेल त्याचं नाव लिहून तो जोडायचा.

पत्त्यासाठी आधार कार्ड, बँकेचं किंवा पोस्टाचं चालू पासबुक, पासपोर्ट, वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, महसूल खात्याचा जमिनीचा उतारा, नोंदणी केलेला भाडेकरार किंवा खरेदीखत, यातलं एक. हा कागद स्वतःच्या नावाचा असावा, नाहीतर नवरा, आई-वडील किंवा सज्ञान मुलगा-मुलगी यांच्यापैकी कुणाच्या नावाचा असावा, आणि ते त्याच पत्त्यावर मतदार असावेत.

आता सुनेची अडचण बघा. आधारवर माहेरचा पत्ता. विजेचं मीटर वारलेल्या सासऱ्याच्या नावावर. सातबारावर सासू आणि दीर. मग पत्ता दाखवायचा कशानं? इथं आपल्या गटाचा उपयोग होतो, बायांनो. गटात आलेल्या प्रत्येक बाईचं बँकेत स्वतःचं खातं असतं. त्या पासबुकावर सासरचा पत्ता आहे का ते आज घरी जाऊन बघा. माहेरचा असेल तर बँकेत अर्ज देऊन बदलून घ्या. पासबुकावर पहिल्या पानाला नाव, फोटो, पत्ता आणि बँकेचा शिक्का स्पष्ट हवा.

आधारवरचा पत्ता बदलायची एक सोपी वाटही आहे. नवऱ्याच्या आधारवर गावचा पत्ता बरोबर असेल तर कुटुंबप्रमुख म्हणून त्याच्या संमतीनं बायकोचा पत्ता बदलता येतो. नातं दाखवायला रेशनकार्ड किंवा विवाह नोंदणीचा दाखला चालतो. ऑनलाइन केलं तर नवऱ्याला ३० दिवसांच्या आत संमती द्यावी लागते, नाहीतर अर्ज बंद होतो. तेवढं त्याच्या मागं लागून करून घ्या. आधारची चौकशी करायला १९४७ हा नंबर आहे.

आणि कुठलाच कागद नसेल तर? तरी फॉर्म घ्यायला नकार देता येत नाही. मग घरी येऊन प्रत्यक्ष चौकशी करायची असते आणि त्यावर ठरवायचं असतं. पालावर राहणारी बाई असली तरी तिला हा हक्क आहे.

आडनाव बदलायलाच हवं का?

हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारला जातो. उत्तर सोपं आहे. लग्न झालं म्हणून आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. माहेरचं नाव ठेवूनही सासरच्या पत्त्यावर मतदार होता येतं. फॉर्ममध्ये नातेवाइकाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव लिहिता येतं, वडिलांचं किंवा आईचंही लिहिता येतं.

पण जे नाव ठेवाल ते सगळीकडं एकच ठेवा. आधारवर एक, पासबुकावर दुसरं, रेशनकार्डावर तिसरं, असं झालं की बाई एक आणि कागदावर तीन बायका. एकीकडं ‘सुनीता’, दुसरीकडं ‘सुनिता’, तिसरीकडं लग्नात ठेवलेलं नवंच नाव. इंग्रजीतलं स्पेलिंगही बघा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईनं बदलू नका, आधी घरात ठरवा.

सासरचं नाव लावायचं असेल तर सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. त्यावर दोन्हीकडची ओळख जुळते. गावात ही नोंदणी ग्रामपंचायतीत होते. नवरा-बायको आणि तीन साक्षीदार लागतात. लग्नापासून ९० दिवसांत केली तर बरं, उशीर झाला तरी विलंबाचं शुल्क भरून करता येते. यंदा ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी आहेराच्या यादीत हे एक काम लिहून ठेवा. मंडपवाल्याचा हिशोब मिटायच्या आत हा दाखला हातात येऊ शकतो.

एकट्या बायकांसाठी

आता ज्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही त्यांच्याबद्दल. नवऱ्यानं टाकलेली, माहेरी परत आलेली बाई. तिचं कार्ड सासरच्या पत्त्याचं, आणि सासरचे कागद देत नाहीत. ताई, तुला त्यांच्या कागदाची गरज नाही. तू जिथं राहतेस ते तुझं गाव. आपल्या नावाचं पासबुक माहेरच्या पत्त्यावर करून घे, ८ नंबरचा फॉर्म भर, नातेवाइकाच्या रकान्यात आईचं किंवा वडिलांचं नाव लिही. घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं कारण नाही. आणि नवरा वारला म्हणून विधवा बाईचं कार्ड बाद होत नाही. नावात काही बदलावं लागत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींनाही सांगते. सहा महिने कारखान्यावर गेलात म्हणून गावातलं नाव जात नाही. तात्पुरतं बाहेर जाणं म्हणजे गाव सोडणं नव्हे, असं कायदा म्हणतो. तुमच्या नावावर कुणी हरकत घेतली तर घरी नोटीस येते. घरात म्हातारी माणसं एकटी असतील तर शेजारणीला सांगून ठेवा की असला कागद आला तर फोन कर.

अर्ज द्यायचा कुठं?

प्रत्येक मतदान केंद्राला एक बीएलओ असतो. बहुतेक वेळा शाळेतले गुरुजी, बाई किंवा अंगणवाडी सेविका हे काम करतात. फॉर्म त्यांच्याकडं द्या, नाहीतर तहसील कार्यालयात निवडणूक शाखेत द्या. ज्यांच्या घरात मोबाइल वापरता येतो त्यांना निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून आणि ॲपवरूनही भरता येतो. काही अडलं तर १९५० हा नंबर लावा.

फॉर्म फुकट असतो. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. कुणी शंभर-दोनशे मागितले तर कशाचे, असं विचारा आणि पावती मागा. मूळ कागद कुणाच्या हातात देऊन येऊ नका, झेरॉक्स द्या, तिच्यावर सही किंवा अंगठा करा. मोबाइलवर आलेला ओटीपी फॉर्म भरणाऱ्याला वाचून दाखवायच्या आधी तो कशासाठी आला आहे ते त्याच्याकडून समजून घ्या. फॉर्मच्या खाली पोहोच असते, ती फाडून घेतल्याशिवाय हलायचं नाही. त्याच नंबरावरून पुढं अर्जाचं काय झालं ते कळतं.

फॉर्ममध्ये घरातल्या मतदाराचं नाव आणि कार्ड नंबर लिहायला जागा आहे. तिथं नवऱ्याचा किंवा सासूचा नंबर लिहा, म्हणजे तुमचं नाव घराजवळच्या यादीत येतं. नाहीतर एकाच घरातली सासू एका केंद्रावर आणि सून दुसऱ्या केंद्रावर असं होतं.

एक गैरसमज जाता जाता. कार्ड हातात आहे म्हणजे मत देता येतंच असं नाही. यादीत नाव हवं. उलट यादीत नाव आहे आणि कार्ड हरवलं, तर आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेलं पासबुक असे दुसरे कागद दाखवून मत देता येतं. म्हणून कार्ड जपा, आणि यादीही दर वर्षी बघा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच होते. तिथं नाव नसेल तर ग्रामपंचायतीच्या यादीत ते वेगळं घालता येत नाही.

गटानं काय करायचं?

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाले की अर्धा तास या कामाला द्या. बीएलओंना बैठकीला बोलवा आणि आपल्या भागाची यादी घेऊन यायला सांगा. एकीनं मोठ्यानं वाचायची. जी बाई गावात आहे तिच्या नावापुढं बरोबरची खूण, जी लग्न होऊन गेली किंवा वारली तिच्या नावापुढं गोल. आणि एका वेगळ्या कागदावर यादीत नसलेल्या सुनांची नावं. प्रत्येकीपुढं लिहायचं, कुठला फॉर्म, कुठला कागद आहे, कुठला कमी आहे. पुढच्या बैठकीला त्याच कागदावरून विचारायचं, काय झालं? कर्जाची वसुली आपण जशी विचारतो, तशीच. ज्या सासवांनी आजवर सुनेचं नाव आणायची घाई केली नाही, त्यांनाच त्या कामाच्या प्रमुख करा. सासू मागं लागली की घरातला कागद लवकर सापडतो, हा माझा अनुभव आहे.

ज्या लेकी लग्न होऊन गेल्या, त्यांच्या आयांनी आजच फोन लावा. सांगा, बाई, तुझं नाव अजून इथंच आहे, ते तिकडं ने. कुणाचं नाव परस्पर कमी करायला लावू नका. तिनं ८ नंबर भरला की इथलं आपोआप निघेल आणि ती मधल्या मधे कुठंच नाही असं होणार नाही.

गावोगावच्या ग्रामसंघांनी हे काम झालं की आम्हाला कळवा. किती सुनांची नावं आली, कुठं अडलं, कुठल्या कागदावर गाडी थांबली. तुमच्या अडचणी घेऊन पुढच्या भागात आपण रेशनकार्डाबद्दल बोलू. घरात सज्ञान बाई असताना अन्नसुरक्षेच्या कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून कुणाचं नाव असायला हवं, ते तोवर आपलं कार्ड काढून बघून ठेवा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.